तांबडीचं अंडं आणि आईच्या गोळ्या

शुक्रवारी संध्याकाळी एशियन टाउनमध्ये पाय ठेवायला जागा नसते. दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात, कामगारांच्या वसाहतीला लागून असलेलं हे आमचं बाजाराचं ठिकाण. क्रिकेटचं स्टेडियम आहे, सिनेमाची थिएटरं आहेत, मोठा मॉल आहे. कुणी घरी पैसे पाठवायला येतो, कुणी नुसताच करक चहा पीत बसतो. बाकी सगळे कानाला फोन लावून. आमचे साडेसहा वाजले की गावाकडे नऊ वाजतात. जेवणं उरकलेली असतात, म्हणून फोनची वेळ हीच.

गेल्या मे महिन्यातल्या अशाच एका शुक्रवारी आईने कॅमेऱ्यासमोर हात धरला. तळहातावर अंडं होतं, पण टरफलच नव्हतं. नुसता पातळ पापुद्रा, आत पिवळं हलताना दिसत होतं.

"बाबू, तांबडीला काय झालंय बघ. अंडं हातात धरलं की लिबलिबतं. आठवडाभर असंच चाललंय."

आमचं गाव दापोली तालुक्यात, हर्णैच्या बाजूला. आईकडे सात कोंबड्या. सहा गावठी आणि एक तांबडी, सुधारित जातीची. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. वर्षाची अंडी 50-60 झाली तरी खूप. तांबडी मात्र जवळजवळ रोज घालणारी. तिच्या अंड्यांचे पैसे आईच्या डब्यात जातात आणि त्या डब्याचा हिशेब आम्ही कुणी विचारत नाही. मी दर महिन्याला पैसे पाठवतो, पण ते घराचे. डबा तिचा.

शेजारणीने सल्ला दिला होता की कोंबडी गेली कामातून, आता रविवारी रस्सा करा. आईचंही मन होत नव्हतं, पण इलाजही सुचत नव्हता.

आमच्या रूममध्ये सांगलीकडचा एक दोस्त आहे. इकडे येण्याआधी त्याने तीन वर्षं अंड्यांच्या पोल्ट्रीवर काम केलं. चहा पिता पिता त्याला फोटो दाखवला. त्याने विचारलं, "खायला काय घालता? पाणी कुठं ठेवता? आणि कोंबडी राहते कुठं?"

तिन्ही उत्तरं देताना माझं मलाच कळत गेलं.

डिसेंबरच्या रजेत मी घराची डागडुजी केली होती. मातीच्या अंगणात लाद्या घातल्या. मुंगसाने दोन पिल्लं नेली होती, म्हणून कोंबड्यांसाठी तारेच्या जाळीचा पिंजरा केला आणि वर नवा कोरा पत्रा टाकला. आई तेव्हा म्हणाली होती, "कोंबडीला माती लागते रे." मी हसून सोडून दिलं. गल्फचा पैसा अंगणात दिसायला नको का?

पूर्वी आमच्या कोंबड्या दिवसभर परड्यात फिरायच्या. किडे-मुंग्या, हिरवा पाला टिपायच्या. तिसऱ्यांचं कालवण झालं की शिंपल्या मागच्या दारी पडायच्या, त्याचे तुकडे चोचीने फोडून खायच्या. आता दिवसभर पत्र्याखाली. खायला तांदळाच्या कण्या, उरलासुरला भात आणि दुकानात मिळालं म्हणून आणलेलं एक पोतं. बायकोला त्याचा फोटो पाठवायला सांगितला. पोत्यावर लिहिलं होतं 'स्टार्टर'. म्हणजे ते पिल्लांचं खाद्य.

दोस्ताने हिशेब मांडला. एका अंड्याच्या टरफलात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही, म्हणून रोज घालणाऱ्या कोंबडीला दिवसाला चारेक ग्रॅम लागतं. अंड्यांवरच्या कोंबडीच्या खाद्यात, म्हणजे लेअर फीडमध्ये, साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. पिल्लांच्या खाद्यात जेमतेम एक टक्का. आणि भातात म्हणाल तर नसल्यासारखंच.

"मग एवढे महिने अंडी धड कशी आली?" मी विचारलं.

"हाडांतून," तो म्हणाला. "बाहेरून मिळालं नाही की कोंबडी स्वतःच्या हाडांतलं काढून टरफल करते. संपत आलं की मग अंडं मऊ पडतं."

उन्हाचंही तसंच. कोंबडीला घाम येत नाही. उकाडा वाढला की ती चोच उघडून धापा टाकते. त्या धापांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि टरफल करायला तोच लागतो. शिवाय उन्हात ती खातेही कमी. कतारमध्ये 1 जून ते 15 सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. मला इथे सावली मिळते आणि तांबडीला मी तापलेल्या पत्र्याखाली कोंडली होती.

उपाय सुरू व्हायच्या आतच मंगळवारी सकाळी बायकोचा फोन आला. तांबडी शेपटी खाली टाकून कोपऱ्यात फुगून बसली होती. कळा देत होती, पण अंडं बाहेर येत नव्हतं. मऊ अंडं ढकलायला जड जातं आणि ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियमच लागतं. मी म्हटलं, 1962 ला लाव. जनावरांच्या दवाखान्याच्या फिरत्या पथकाचा हा फुकट नंबर. गाडी यायला वेळ होता, पण डॉक्टरांनी फोनवर समजावून सांगितलं. घमेल्यात कोमट पाणी घ्या, कोंबडीचा मागचा भाग पंधरा-वीस मिनिटं त्यात ठेवा. मग कोरडी करून अंधाऱ्या, शांत जागी बसवा. पोट दाबू नका, आत अंडं फुटलं तर कोंबडी जाईल.

त्यांनी आणखीही विचारलं. बाकीच्या कोंबड्यांची अंडी एकदम कमी झालीत का? खोकला, शिंका, सुरकुतलेली टरफलं, पाण्यासारखा पांढरा बलक? तसं असेल तर रोगाची शंका घ्यायची. मानमोडीची लस वेळेवर दिली आहे ना, तेही विचारलं. आमच्याकडे तसं काही नव्हतं. दुपारी तांबडीने ते पापुद्र्याचं अंडं टाकलं आणि उठून पाणी प्यायली. बायकोने व्हिडिओ पाठवला. मी साइटवर होतो, तो दोनदा पाहिला.

मग कामाला लागलो, म्हणजे घरचे लागले. पत्र्यावर झावळ्या टाकल्या. पाण्याचं भांडं सावलीत, दुपारी पाणी बदलायचं. सकाळ-संध्याकाळ दार उघडून परड्यात सोडायचं, कारण कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं आणि ते उन्हातून मिळतं. लेअर फीडचं छोटं पोतं आणलं. शेवग्याचा पाला तर दारातच होता.

शिंपल्यांचं काम आईने घेतलं. आमच्याकडे एके काळी शिंपल्या भाजून घरं बांधायला चुना करत, म्हणजे माल घरचाच. गोड्या पाण्यात दोनदा धुवायच्या म्हणजे मीठ जातं, उन्हात वाळवायच्या आणि खलबत्त्यात ज्वारीच्या दाण्याएवढ्या कुटायच्या. पीठ करायचं नाही. टरफल बहुतेक रात्री तयार होतं, त्याला वीसेक तास लागतात. संध्याकाळी खाल्लेले जाड तुकडे पोटात हळूहळू विरघळतात आणि रात्रभर पुरतात. खाद्यात मिसळायचं नाही, वेगळ्या करवंटीत ठेवायचं. ज्या कोंबडीला हवं ती खाते. पिल्लांना मात्र देऊ नये, त्यांच्या मूत्रपिंडाला सोसत नाही. अंड्यांची टरफलं घालायची तर तव्यावर भाजून, ओळखू येणार नाहीत अशी चुरून. नाहीतर कोंबडीला अंडी फोडून खायची सवय लागते.

आठवड्याभरात अंडं खरखरीत पण कडक आलं. दहाव्या दिवशी आईने ते टेबलावर टक-टक वाजवून दाखवलं. मी खूश. तेवढ्यात मागून माझी सहा वर्षांची लेक ओरडली, "बाबा, आजी तिच्या गोळ्या तांबडीला देते!"

फोनवर सगळे गप्प.

मागच्या वर्षी आई पायरीवरून घसरली, मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत, कॅल्शियमची गोळी रोज घ्या. मी महिन्याचे महिने औषधाला वेगळे पैसे पाठवतो. आणि आई पंधरा दिवस त्या गोळ्या कुटून कण्यांत घालत होती.

"ती रोज अंडं देते," आई म्हणाली. "मी काय देते आता?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. फोनवर दर वेळी ती म्हणते, सगळं बरं आहे. आणि मीही ते मानून घेतो, कारण इतक्या लांबून मानून घेणं सोपं असतं. शेवटी म्हटलं, "आई, तांबडीला शिंपल्या पुरे आहेत. एका गोळीने तिचं काही भागत नाही. तुझं भागतं."

आता रोजचा फोन तसाच साडेसहाला असतो. आधी विचारतो, तांबडीची करवंटी भरली का. मग आई कॅमेऱ्यासमोर गोळी तोंडात टाकते, वर पाणी पिते आणि जीभ काढून दाखवते. लेक शेजारी बसून खात्री करून घेते.

येत्या रजेत अर्ध्या अंगणातल्या लाद्या काढायच्या ठरल्यात. किती खर्च येईल विचारलं, तर आई म्हणाली, "काढायला कसला रे खर्च? पहार घरात आहे. फक्त धरायची तू."