पानशेतचा रस्ता आणि एक घसरण

पानशेतच्या रस्त्याला मी पहिल्यांदा गाडी काढली ती रविवारी पहाटे, खडकवासल्याच्या चौपाटीवर भज्यांच्या कढया चढायच्या आधी. डोणजे, गोऱ्हे, खानापूर, मालखेड, सोनापूर. डावीकडे डोंगर, उजवीकडे धरणाचं पाणी. पुढची सहा वर्षं बहुतेक रविवार त्याच रस्त्यावर गेले. कुठलं वळण किती वेगात घेतलं याचा हिशेब मित्रांत चालायचा, आणि एकदाही पडलो नाही म्हणून आपल्याला गाडी चालवता येते असं मी धरून चाललो होतो.

नीट शिकावं असं वाटलं तेव्हा पुण्याजवळ जागा सापडेना. चाकणला एवढ्या मोटारसायकली तयार होतात, पण खऱ्या रेसट्रॅकवर चालवायचं तर हौशी माणसाला तेव्हा चेन्नई, कोइम्बतूर नाहीतर ग्रेटर नोएडा गाठावं लागायचं. ही उणीव मला खटकायची. आम्ही चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला गेलो. १९९० पासूनचा ट्रॅक, ३.७ किलोमीटरची फेरी, १२ वळणं. आरसे उतरवले, काच फुटून विखरू नये म्हणून हेडलाइटवर चिकटपट्टी लावली, लेदरचा सूट चढवला.

दुपारच्या सत्रात एका उजव्या वळणात जरा जास्त वेगानं शिरलो. वेग फार नव्हता, पण मी घाबरलो. डोळे वळणाबाहेरच्या गवतावर खिळले, हात आखडले, रेस सुटली आणि बोटं पुढच्या ब्रेकवर गेली. टायरची पकड ठरावीकच असते. गाडी कललेली असल्यानं त्यातली बहुतेक वळण्यातच खर्ची पडत होती, ब्रेकसाठी फारशी उरलीच नव्हती. पुढचं चाक सटकलं, पायटा डांबरावर खरखरला आणि मी पाठीवर घसरत गवतात जाऊन थांबलो.

लागलं काही नाही. ब्रेकच्या दांड्याचं टोक मोडलं, उजवा पायटा वाकला. हातमोज्याच्या करंगळीवरचं चामडं घासून आतले दोरे दिसत होते. त्या दोऱ्यांकडे मी बराच वेळ बघत बसलो. पानशेतला मी उघड्या हातांनीच जायचो.

प्रशिक्षकांनी वेग विचारलाच नाही. कुठं बघत होतास, एवढंच विचारलं. १९८० साली कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल सुरू करणाऱ्या कीथ कोड यांच्या 'अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट'च्या दुसऱ्या भागात हेच आहे: भीती वाटली की माणूस रेस सोडतो, हँडल आवळतो, त्याची नजर एका जागी अडकते. मी ते पुस्तक आधीच वाचलेलं होतं.

परत आल्यावर ते सगळे रविवार एकेक करून आठवले. सोनापूरच्या अलीकडे समोरून बस आली होती, तो प्रसंग मी प्रसंगावधान म्हणून सांगत असे. तिथंही नजर अशीच बसवर खिळली होती, हात असेच आखडले होते. रस्ता कोरडा होता आणि ड्रायव्हरनं बाजू दिली, म्हणून वाचलो. माझ्या गाडीला एबीएस नाही. १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना तो एप्रिल २०१९ पासून सक्तीचा झाला. आणि असता, तरी गाडी किती कलली आहे हे साध्या एबीएसला कळत नाही.

त्यानंतर कित्येक महिने मी तीच वळणं चाळीसच्या वेगात घेतली. ब्रेक वळणाआधी संपवायचा, हनुवटी वळवून रस्ता जिथवर दिसतो तिथवर बघायचं, मग त्या बाजूचं हँडल हलकेच पुढं ढकलायचं. मित्र पुढं निघून जायचे. जाऊ दिले.

गेल्या आषाढात मालखेडच्या पुढं भातखाचरातून निघालेल्या ट्रॅक्टरचा चिखल रस्ताभर सांडला होता. त्याच्या पलीकडे, वळणाच्या आतल्या अंगाला, डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एक आजी. त्या दिसल्या तेव्हा गाडी अजून सरळ होती आणि वेग उतरलेला होता. मी चिखलाच्या अलीकडे पाय टेकले. आजींनी भारा एका हातानं सावरला, रस्ता ओलांडला आणि बांधावरून खाली उतरून गेल्या.