वैद्यकीय शिक्षणातील चिकित्साकौशल्याचे मूल्यमापन
चिकित्साकौशल्याचे मूल्यमापन म्हणजे एमबीबीएसचा विद्यार्थी रुग्णाची विचारपूस, शारीरिक तपासणी व निदान प्रत्यक्षात कितपत करू शकतो, हे पडताळण्याची प्रक्रिया होय. रोगाची लक्षणे पाठ आहेत की नाहीत, हे लेखी परीक्षेतून कळते; वाढलेली प्लीहा विद्यार्थ्याच्या हाताला लागते की नाही, हे मात्र रुग्णाच्या खाटेशीच कळते.

पारंपरिक पद्धत

भारतात दीर्घकाळ 'लाँग केस' ही पद्धत प्रमुख राहिली. विद्यार्थ्याला एक रुग्ण दिला जातो. तो सुमारे पाऊण तास रुग्णाची माहिती घेतो, तपासणी करतो आणि नंतर परीक्षकांसमोर निष्कर्ष मांडतो. हे प्रत्यक्ष कामाच्या जवळ जाणारे असले, तरी रुग्णाशी झालेला संवाद परीक्षक बहुधा पाहत नाहीत. शिवाय कोणता रुग्ण वाट्याला येतो, यावर बरेच अवलंबून असते. एका रुग्णावरील कामगिरीवरून दुसऱ्या रुग्णावरील कामगिरीचा अंदाज फारसा बांधता येत नाही, हाच या पद्धतीचा मूलभूत दोष मानला जातो.

ऑस्की

या दोषावर उपाय म्हणून रोनाल्ड हार्डेन व सहकाऱ्यांनी 1975 मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथून 'ऑस्की' म्हणजे वस्तुनिष्ठ संरचित चिकित्सा परीक्षा मांडली. तीत सर्व विद्यार्थी ठरावीक मिनिटांनी एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकावर जातात. एका ठिकाणी रक्तदाब मोजणे, दुसऱ्या ठिकाणी क्ष-किरण चित्र वाचणे, तिसऱ्या ठिकाणी रुग्णाला औषध समजावणे, अशी कामे असतात. परीक्षक आधी ठरलेल्या तपासणीसूचीनुसार गुण देतो. पद्धत समन्यायी असली, तरी सूचीतील खुणा भरण्यापुरतेच वागण्याची सवय विद्यार्थ्यांना लागू शकते. त्यामुळे अनेक ठिकाणी परीक्षकाच्या समग्र अभिप्रायालाही स्थान दिले जाते.

महाराष्ट्रातील स्थिती

राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये 1998 मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. अभिमत विद्यापीठे त्यास अपवाद. 2019 पासून देशभर क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यानुसार विद्यार्थ्याने कौशल्य आधी पाहावे, मग साहाय्य करावे आणि शेवटी स्वतः करावे, असा क्रम अपेक्षित असून त्याची नोंद लॉगबुकात ठेवली जाते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत (स्थापना 1969) विद्यार्थ्यांना गावात शिबिरासाठी नेण्याची परंपरा या अभ्यासक्रमाच्या कितीतरी आधीची आहे.

भाषेचा प्रश्न

गोंदियात 2016 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पूर्व विदर्भात सिकलसेल आजार आढळतो. तेथे कुटुंबातील आजारांची नेमकी विचारपूस निदानास थेट उपयोगी पडते. दवनीवाडा किंवा आसपासच्या गावातून आलेला रुग्ण मराठीबरोबरच पोवारी, गोंडी वा हिंदी बोलणारा असू शकतो. अखिल भारतीय कोट्यातून आलेल्या विद्यार्थ्याला त्याचे 'अंग मोडून येते' हे वाक्य कळले नाही, तर पुढची तपासणी चुकीच्या दिशेने जाऊ शकते. इंग्रजीत घेतलेल्या तोंडी परीक्षेत ही उणीव सहसा उघडी पडत नाही. परीक्षकाने रुग्णाशेजारी उभे राहून संवाद ऐकला, तरच ती दिसते.