न बदलणारे भिंग

काशीच्या घाटांच्या रांगेत, नारद घाटाच्या शेजारी, आज राजा घाट या नावाने ओळखला जाणारा एक घाट आहे. त्याचे जुने नाव अमृतराव घाट. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांचे ते नाव. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळची लढाई जिंकली, दुसरा बाजीराव वसईकडे निघून गेला आणि पुण्याचा कारभार काही काळ अमृतरावांच्या हाती आला. पुढे १८०३ मध्ये इंग्रजांचा तनखा पत्करून ते राजकारणातून बाजूस झाले व काशीस राहू लागले. हा घाट त्यांनी पक्क्या दगडाचा बांधविला. १८२४ मध्ये त्यांचे निधन झाले. पेशवाई गेली, पायऱ्या राहिल्या.

या पायऱ्यांवर आज देशोदेशींचे लोक कॅमेरे घेऊन उतरतात. कोणाच्या हाती हातभर लांबीचे भिंग असते, तर कोणाच्या हाती खिशात मावेल एवढी लहानशी पेटी. या लहान पेट्यांपैकी काहींचे भिंग काढता येत नाही, बदलता येत नाही आणि दूरचे दृश्य जवळ आणण्यासाठी मागेपुढे सरकवताही येत नाही. तरीही हे कॅमेरे स्वस्त नसतात. उलट जाणकार त्यांना मोठा मान देतात. ज्यात एवढ्या गोष्टी करता येत नाहीत, त्याला प्रगत का म्हणावे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

पहिले उत्तर कॅमेऱ्याच्या पोटात सापडते. पूर्वी जेथे फिल्म असे, तेथे आता प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारा संवेदक असतो. साध्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यात तो बहुधा ६.२ मिलिमीटर लांब व ४.६ मिलिमीटर रुंद असे. २०११ साली बाजारात आलेल्या फुजीफिल्म एक्स १०० या कॅमेऱ्यात तो सुमारे २३.६ मिलिमीटर लांब व १५.८ मिलिमीटर रुंद होता, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे १३ पट. अंगण मोठे असले की पाऊसही अधिक साठतो, तसा मोठ्या संवेदकावर प्रकाश अधिक पडतो. म्हणून पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्रावर रवाळ कण माजत नाहीत.

परंतु एवढा संवेदक लहान पेटीत बसवायचा, तर भिंगही आटोपशीर हवे. येथे स्थिर भिंगाचा लाभ दिसतो. भिंग बदलण्याची सोयच ठेवायची नसल्याने त्याची मागली काच संवेदकाच्या अगदी निकट नेता येते. संवेदकाच्या कडेला प्रकाश तिरपा येतो, म्हणून त्यावरील सूक्ष्म भिंगे त्याच एका भिंगाच्या मापाने किंचित सरकवून बसवता येतात. दोघेही एकमेकांसाठीच घडविलेले असतात. अनेकांशी जमवून घेण्याची जबाबदारी नसल्याने, आकार लहान ठेवूनही चित्राची धार टिकविता येते.

झडपेचेही तसेच आहे. अशा पुष्कळ कॅमेऱ्यांत प्रकाश रोखणारी झडप भिंगाच्या काचांमध्येच पाकळ्यांसारखी असते. तिचा आवाज इतका अल्प की शेजारी बसलेल्यासही तो ऐकू येईलच असे नाही. काहींत प्रकाश एकअष्टमांश करणारी काळसर काच आतच बसविलेली असते. सकाळी नदीपलीकडून सूर्य वर आला आणि पाणी डोळे दिपवू लागले की ती उपयोगी पडते.

आता घाटावरील व्यवहार पाहू. ज्याचे भिंग २३ मिलिमीटरचे आहे, त्या कॅमेऱ्याला एक सोपा हिशेब लागू पडतो : जेवढे अंतर, जवळपास तेवढीच रुंदी. दहा पावले मागे सरले तर दहा पावलांचा घाट चित्रात येतो. दोन पावलांवर गेले तर एखाद्या नावेचा पुढचा भागच तेवढा येतो. हा हिशेब काही दिवसांत डोळ्यांत मुरतो आणि कॅमेरा वर उचलण्यापूर्वीच चौकट मनात आखली जाते. चौकट लहानमोठी करण्याचे काम पाय करतात. चढत्या-उतरत्या पायऱ्या तर दृष्टीची उंचीही बदलून देतात.

रिको जीआर या १८.३ मिलिमीटर भिंगाच्या कॅमेऱ्यात अंतर आधीच ठरवून ठेवता येते. छिद्र आठ अंकावर आणि अंतर अडीच मीटरवर ठेवले, तर सुमारे सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट उमटते. डोक्यावरून झपकन जाणारा हिवाळी पाणपक्षी टिपताना यंत्राला विचार करावा लागत नाही.

मर्यादाही स्पष्ट आहेत. पलीकडच्या वाळवंटातील माणूस या भिंगाला ठिपक्याएवढा दिसतो. चित्राचा मधला भाग कापून मोठा करता येतो, पण दुप्पट जवळ आणायचे तर बिंदूंचा चतुर्थांशच उरतो. २०२४ मध्ये निघालेल्या एक्स १०० सहाव्या आवृत्तीत चार कोटी बिंदू असल्याने एक कोटी शिल्लक राहतात आणि काम भागते. पण दूरदर्शी भिंगाची सर त्याला येत नाही.

मात्र याच मर्यादेत या कॅमेऱ्याचा खरा गुण दडलेला आहे. घाट म्हणजे काही रंगमंच नव्हे. तेथे कोणी स्नान करीत असतो, कोणी वडिलांचे पिंड ठेवीत असतो, कोणी दूर गावाहून अस्थी घेऊन आलेला असतो. लांब भिंगाचा मनुष्य पन्नास पावलांवरून त्या दुःखाचे जवळून चित्र घेतो आणि दुःखिताला त्याचा पत्ताही लागत नाही. स्थिर भिंगाच्या माणसाला ही मुभा नाही. चेहरा हवा तर त्याला चेहऱ्याजवळ जावे लागते, म्हणजे आपणही दिसावे लागते. समोरचा हात वर करून नको म्हणू शकतो.

अर्थात लहान आकार आणि मुकी झडप यांचा गैरवापरही होऊ शकतो. यंत्र नीती शिकवीत नाही. न बदलणारे भिंग एवढेच करते की, पाहणारा आणि पाहिला जाणारा यांना एकाच पायरीवर आणते. तेथे पोहोचल्यावर झडप दाबावी, की कॅमेरा खाली घेऊन नमस्कार करावा, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.