रंगभवन बंद झाले, संगीत कुठे गेले?

मुंबईच्या किल्ला कोर्टाच्या पायऱ्या ज्यांनी झिजवल्या आहेत त्यांना रंगभवन कुठे ते सांगावे लागत नाही. धोबीतलावला महापालिका मार्गालगत झेवियर्स कॉलेज, कामा हॉस्पिटल, जवळच जी. टी. हॉस्पिटल आणि हाकेच्या अंतरावर आमचे किल्ला कोर्ट. या गराड्यात राज्य सरकारच्या मालकीचे हे खुले नाट्यगृह. बाकी महाराष्ट्राच्या कानावर त्याचे नाव गेले ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री. त्याच्या शेजारच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे अधिकारी अतिरेक्यांच्या गोळ्यांना बळी पडले. पण त्याच्या काही वर्षे आधीच रंगभवनचा आवाज बंद झालेला होता. तो कायद्याने बंद केला. आणि कायदा बरोबर होता, हे आम्ही पहिल्यांदाच कबूल करून टाकतो. आमचे भांडण कायद्याशी नाही. कायद्याकडे बोट दाखवून हात झटकणाऱ्यांशी आहे.

रंगभवनात होत तरी काय होते? १९७८ मध्ये सुरू झालेल्या जॅझ यात्रेचे जगभरचे वादक इथे वाजवून गेले. १९८६ साली फरहाद वाडिया यांनी इंडिपेंडन्स रॉक नावाचा महोत्सव सुरू केला. पोरे त्याला 'आय-रॉक' म्हणत. रॉक मशीन (ज्याने पुढे इंडस क्रीड नाव घेतले), पेंटाग्राम, ब्रह्मा अशा देशी बँडांचे नाव झाले ते याच काळात. त्यात हेवी मेटलवाल्यांचा गट वेगळा ओळखू यायचा. काळे बनियन, वाढलेले केस, आणि गिटारचा सूर असा की छातीच्या फासळ्या थरथराव्यात. दारात दारूचा परवाना नाही, बसायला मखमली खुर्ची नाही. वर आभाळ. तिकीट विद्यार्थ्याच्या खिशाला झेपणारे.

आम्ही तेव्हा कायद्याचे विद्यार्थी होतो. घाटकोपरच्या आमच्या वस्तीतला एक मित्र झेरॉक्सच्या दुकानात कामाला होता. त्याने पगारातून पैसे साठवून जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. अॅम्प्लिफायर नव्हता, म्हणून तो ती टेपरेकॉर्डरला जोडून वाजवायचा आणि बाजूच्या खोलीतल्या मावशी भिंतीवर लाटणे आपटायच्या. त्यानेच आम्हाला रंगभवनला नेले. खरे सांगायचे तर पहिला अर्धा तास आमचे कान बधिर झाले. गाणारा काय म्हणतो याचा एक शब्द कळला नाही. मग शेजारच्या पोराने खांद्यावर हात टाकला. तो कोण, कुठला, कोणत्या जातीचा, काही विचारणा नाही. मान हलवत आम्हीही त्या रांगेत सामील झालो. दुसऱ्या दिवशी मान इतकी दुखत होती की व्याख्यानाला तिरके बसावे लागले. काळे कपडे घालून ओरडण्याचा धंदा आम्ही पुढे वकिलीत कायमचा पत्करला, त्याची सुरुवात बहुधा तिथेच झाली असावी. असो.

आमचे काही कार्यकर्ते विचारतील की या इंग्रजी किंचाळण्याशी आपला काय संबंध? हे तर श्रीमंतांच्या पोरांचे खूळ! त्यांच्यासाठी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. हेवी मेटल जन्माला आले ते इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या अॅस्टन या कामगार वस्तीत. ब्लॅक सॅबथ हा बँड १९६८ मध्ये जमला आणि फेब्रुवारी १९७० मध्ये त्याची पहिली तबकडी निघाली. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वयाच्या सतराव्या वर्षी, कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी, मशीनने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके नेली. गडी डावखुरा, तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली आणि बोटांना सोसाव्यात म्हणून पुढे तारा सैल केल्या. सैल तारेचा तो खोल, जड आवाज म्हणजेच मेटल. त्याच बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न काही काळ कत्तलखान्यात राबलेला. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी मेलेली ढोरे ओढली आणि हलगीचे कातडे ताणले त्यांना हे खूळ परके वाटायचे कारण नाही.

५ जुलै २०२५ रोजी ब्लॅक सॅबथचा शेवटचा कार्यक्रम त्याच अॅस्टनमधल्या व्हिला पार्क मैदानात झाला आणि सतरा दिवसांनी ऑझी गेला. सारे जग तिथे लोटले. पण हा बँड सुरुवातीला जिथे वाजवायचा तो बर्मिंगहॅमच्या स्टेशन स्ट्रीटवरचा 'द क्राउन' हा पब मात्र २०१४ पासून बंद होता. थोर माणसाचा पुतळा उभारायचा आणि त्याची शाळा पडू द्यायची, हा रिवाज फक्त आपल्याकडचाच नाही तर!

आता कायद्याचे बघू. केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम आणले. त्यात हॉस्पिटल, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर म्हणजे शांतता क्षेत्र. तिथे मर्यादा दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. रंगभवनला या तिन्ही गोष्टींचा शेजार. मेटलचा कार्यक्रम शंभर डेसिबलच्या वर सहज जातो. ५० आणि १०० यांत दुप्पट फरक आहे असे समजू नका. डेसिबलचे गणित वेगळे असते, दर दहाला ध्वनीची ऊर्जा दसपट होते. म्हणजे हा फरक एक लाख पट आहे! उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर शांतता क्षेत्राची अंमलबजावणी कडक झाली आणि रंगभवनच्या परवानग्या थांबल्या. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की घटनेच्या कलम १९(१)(क) ने बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, पण ध्वनिक्षेपक लावून दुसऱ्याला ऐकायची सक्ती करण्याचा अधिकार कुणालाही नाही. ज्याला ऐकायचे नाही त्याच्या शांततेला कलम २१ चे संरक्षण आहे.

यात चूक काहीच नाही. कामा हे बायकांचे सरकारी हॉस्पिटल. तिथे बाळंतपणाला येणारी बाई कोण असते? जी. टी.च्या खाटेवर कोण असतो? आपलीच माणसे. ज्याच्याकडे पैसा आहे तो काचबंद खोलीत झोपतो, त्याला आवाजाच्या नियमाची गरज आमच्याइतकी नाही. त्यामुळे रंगभवनचा भोंगा बंद झाला म्हणून आम्ही न्यायालयाला दोष देणार नाही.

पण त्याच नियमावलीत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे फारसे कुणी बघत नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, मात्र बंदिस्त जागेला त्यातून सूट आहे. सभागृह, बँक्वेट हॉल, कम्युनिटी हॉल. आवाज भिंतीच्या आत राहिला पाहिजे, एवढीच अट. कागदावर हा नियम सर्वांना सारखाच. पण भिंत कुणाकडे असते? हॉटेलकडे असते, क्लबकडे असते. मैदानाकडे नसते, वस्तीकडे नसते, आणि सरकारने बांधलेल्या खुल्या नाट्यगृहाकडे तर नव्हतीच. म्हणजे संगीत बंद झाले नाही. ते भिंतीच्या आत गेले आणि भिंतीला दार आले.

दाराची गोष्ट आम्हाला त्याच मित्राने सांगितली. रंगभवननंतर मेटलची पोरे जुहूच्या रॅझबेरी ऱ्हायनोसेरॉससारख्या क्लबात जमू लागली. तो क्लबही पुढे म्हातारा होऊन मिटला. मग डिसेंबर २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ब्ल्यू फ्रॉग उघडले. ध्वनियोजना उत्तम, बँडांना मान, हे नाकारता येणार नाही. शहरात क्लब आणखीही निघाले. अशाच एका क्लबच्या दारात, त्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही, आमच्या मित्राला अडवले. तिकिटाचे पैसे त्याच्या हातात होते. दरवानाने आधी त्याच्या चपलांकडे पाहिले, मग सोबत मुलगी आहे का विचारले. "एकट्या पुरुषांना आज बंद," म्हणाला. मागून चार बूटवाले एकटेच आत गेले. मित्र आम्हाला म्हणाला, "भाऊ, रंगभवनला गेट होतं, पण गेटवर माझ्या पायांकडे कुणी बघितलं नव्हतं."

गंमत अशी की त्याचे वडील परळच्याच एका गिरणीत बदली कामगार होते. जानेवारी १९८२ चा संप झाला आणि ते घरी बसले ते बसलेच. ज्या गिरणगावाच्या फाटकातून बाप पंचिंग करून आत जायचा त्या गिरणगावात पोराला चपलेमुळे प्रवेश नाही!

बरे, ही भिंतीआडची घरेही टिकली का? ब्ल्यू फ्रॉग ऑगस्ट २०१६ मध्ये बंद झाले. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर शेजारच्याच कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागली आणि १४ माणसे गेली. गिरण्यांच्या आवारात नियम धाब्यावर बसवून काय काय उभे राहिले होते ते त्या रात्री दिसले. क्लब चालवणे सोपे नाही, हेही खरे. पोलिसांचा परवाना, उत्पादन शुल्काचा परवाना, अग्निशमनचा दाखला, गाण्यांच्या हक्काचे पैसे, वर मुंबईचे भाडे. यात मालकाला पोरांच्या संगीतावर धंदा परवडत नाही, दारूवर परवडतो. ज्या बँडचा श्रोता एका बाटलीवर चार तास काढतो तो बँड मालकाला नकोसा होतो. शेवटी उरतात ते बड्या कंपन्यांचे महोत्सव. १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडनने आपल्या जागतिक दौऱ्याची सुरुवात वांद्रे-कुर्ला संकुलातून केली. २०२३ पासून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर लोलापालूझा भरतो, तिकिटे हजारांच्या घरात. आय-रॉक बंद पडून नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा भरला तो माझगावच्या बेव्ह्यू लॉन्सवर. रंगभवनात संगीत परतले नाही.

आता आमचा सवाल सरकारला. जागा तुमची. बंद करणारा नियम तुमच्याच सरकारांनी केलेला. मग त्या जागेवर छप्पर घालून, आवाज कोंडणाऱ्या भिंती बांधून तिला 'बंदिस्त जागा' करायला कोणी अडवले होते? नियमानेच तो मार्ग दाखवला होता. वारसा वास्तूची अडचण असेल तर दुसरीकडे जागा द्यायची होती. त्याऐवजी काय झाले? तिथे मराठी भाषा भवन होणार अशी घोषणा झाली. पुढे तेही हलले आणि एप्रिल २०२२ मध्ये त्याचे भूमिपूजन चर्नी रोडला झाले. रंगभवन जिथल्या तिथे.

आणि नियम वाकवता येत नाहीत असे तर मुळीच नाही. उत्सवांसाठी वर्षातले १५ दिवस रात्री बारापर्यंतची सवलत आहेच. २०१७ च्या ऑगस्टमध्ये, गणेशोत्सवाच्या तोंडावर, केंद्राने नियमात दुरुस्ती केली की राज्याने अधिसूचना काढल्याशिवाय कोणतेही क्षेत्र शांतता क्षेत्र मानले जाणार नाही. उत्सवासाठी एवढी बुद्धी चालते. पोरांच्या गिटारसाठी एक छप्पर सुचत नाही.

सभागृह म्हणजे चैन, असे ज्यांना वाटते त्यांनी परळचे दामोदर हॉल आठवावे. कामगार रंगभूमीचे ते घर. ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेसाठी बैठक बोलावली ती याच हॉलमध्ये. शंभरी गाठलेले हे नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाले. ज्या समाजाकडे स्वतःचे दिवाणखाने नसतात त्याला भाड्याच्या हॉलवरच उभे राहावे लागते. गिटार वाजवायची असो की सभा भरवायची असो, परवडणारे दार लागते.

आपल्याकडेही थोडे बघू. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या करून म्हाताऱ्या माणसांच्या काळजाचे ठोके चुकवणे म्हणजे अभिवादन, असे समजणारे आमच्यातही आहेत. त्यांच्याशी आम्ही प्रत्येक वस्तीत वाद घालतो आणि शिव्याही खातो. पण त्याच वस्त्यांमधून नवे काही येते आहे. बुद्ध आणि बाबासाहेबांची गाणी रॉकच्या साजात गाणारा 'धम्म विंग्ज' हा मुंबईतला बँड अनेक वाचकांनी ऐकला असेल. अशा पोरांनी सराव कुठे करायचा? दहा बाय बाराच्या खोलीत?

आमचा मित्र आता पन्नाशीकडे झुकला आहे. झेरॉक्सचे दुकान त्याचे स्वतःचे झाले. मेटल सुटले, पण गिटार सुटली नाही. एका भीमगीत पार्टीत तो ती वाजवतो. मध्यंतरीच्या एका जयंतीला आम्ही घाटकोपरला त्यांचा कार्यक्रम ऐकायला गेलो होतो. दहाला पाच मिनिटे कमी असताना बीटवरचा हवालदार आला. भला माणूस होता. स्टेजपाशी उभा राहून त्याने नुसते घड्याळ दाखवले. आमच्या वकिलीकडे दोघा-तिघांनी आशेने पाहिले, पण आम्हीच उठून माइक बंद करायला सांगितले. खुर्च्या उचलायला सुरुवात झाली.

मित्र मात्र स्टेजच्या कडेला बसूनच होता. अॅम्प्लिफायरची वायर काढलेली, गिटार मांडीवर. बोटे चालू होती. इलेक्ट्रिक गिटारचा वायरीशिवाय आवाज किती येणार? पाच-सहा पोरे गुडघे टेकून अगदी जवळ सरकली, एकाने तर कान लाकडालाच लावला. आम्हीही पुढे झालो. तो रंगभवनच्या त्या रात्रीचे काहीतरी वाजवत होता.