कडीचा लगाम आणि कडीविरहित लगाम : एक तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना :
घोडेस्वारीत लगामाचे स्थान मध्यवर्ती आहे. घोड्याच्या तोंडात बसणारी धातूची कडी व तिला जोडलेले पट्टे, हे लगामाचे रूढ स्वरूप होय. या कडीस 'बिट' असे म्हणतात. कडीवाचून घोडा सुरक्षितपणे हाताळता येतो काय, हा प्रश्न पशुवैद्यक व घोडेस्वार यांच्यात चर्चिला जात आहे. प्रस्तुत लेखात दोन्ही पद्धतींची रचना, परिणाम व मर्यादा यांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
इ. स. पूर्व चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन याने अश्वारोहणावरील आपल्या ग्रंथात गुळगुळीत व खरखरीत अशा दोन प्रकारच्या कड्यांची चर्चा केली आहे. याउलट, उत्तर आफ्रिकेतील न्युमिडियन घोडदळ लगामाविना स्वारी करीत असे, अशी नोंद प्राचीन रोमन लेखनात आढळते. यावरून दोन्ही परंपरा प्राचीन असल्याचे दिसते.

कडीचे कार्य व परिणाम :
घोड्याच्या पुढील दात व दाढा यांच्यामध्ये दंतविरहित जागा असते. कडी याच जागी, जिभेवर टेकते. येथे जबड्याच्या हाडाची कड अरुंद असून तिच्यावर हिरडीचे केवळ पातळ आवरण असते. त्यामुळे हाताचा हलका इशाराही घोड्यापर्यंत पोहोचतो; परंतु त्याच कारणाने कठोर हाताची ओढ तीव्र वेदना देते. फिनलंडमध्ये शर्यतीनंतर तपासलेल्या २६१ घोड्यांपैकी ८४ टक्के घोड्यांच्या तोंडात कडीच्या जागी ताज्या जखमा आढळल्या, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. हे घोडे गाडीला जुंपून धावणारे होते. म्हणून हा आकडा स्वारीच्या घोड्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही.

कडीविरहित लगामाचे प्रकार :
यातील साध्या प्रकारात म्होरकीप्रमाणे नाकावरील पट्ट्याला दोन्ही बाजूंनी लगाम जोडलेला असतो. दुसऱ्या प्रकारात पट्टे जबड्याखाली एकमेकांना छेदून जातात व दाब डोक्याभोवती विभागला जातो. तिसऱ्या, म्हणजे यांत्रिक हॅकमोर प्रकारात, लांब दांड्यांच्या तरफेमुळे हाताचा जोर अनेकपटींनी वाढून नाकाच्या हाडावर पडतो. म्हणजेच 'कडीविरहित' याचा अर्थ 'वेदनारहित' असा होत नाही.

छेदक पट्ट्यांच्या लगामाचे पुरस्कर्ते रॉबर्ट कुक व त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये चार घोड्यांवरील प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. कडी काढल्यावर चारही घोड्यांच्या वर्तनास अधिक गुण मिळाले. तथापि घोड्यांची संख्या अल्प होती आणि प्रत्येक घोडा प्रथम कडीसह व नंतर कडीविना चालविला गेल्याने सरावाचा परिणाम वगळता येत नाही.

सुरक्षितता व नियम :
कडी नसल्यास घोडा उधळेल, ही भीती स्वाभाविक आहे. परंतु उधळलेल्या घोड्यास केवळ कडीच्या बळावर थांबविणे कठीण असते. किंबहुना वेदनेमुळे तो अधिकच भेदरू शकतो. घोडा थांबतो तो दाब व दाबातून सुटका यांच्या शिक्षणामुळे. हे शिक्षण दोन्ही पद्धतींत आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांपैकी उडीच्या प्रकारात कडीविरहित लगाम चालतो, ड्रेसाज प्रकारात मात्र कडी आवश्यक असते. भारतात १९६५ च्या ओझेवाहू व ओढकाम करणाऱ्या प्राण्यांविषयीच्या नियमांनी काटेरी कडी वापरण्यास मनाई केली आहे. साध्या कडीस ही मनाई लागू नाही. माथेरानसारख्या ठिकाणी, जेथे अनोळखी व अननुभवी पर्यटक घोड्यावर बसतात, तेथे या विषयाचे महत्त्व विशेष आहे. कारण शिकाऊ स्वार तोल सावरण्यासाठी लगामालाच लोंबकळतो आणि त्याचा भार घोड्याच्या तोंडावर येतो.

निष्कर्ष :
कडीमुळे तोंडातील नाजूक भागास इजा होण्याचा धोका असतो, हे स्पष्ट आहे. कडीविरहित लगाम हा धोका टाळतो. मात्र नाक व डोके यांवरील दाबाचा नवा प्रश्न निर्माण करतो. बदल करावयाचा झाल्यास प्रथम बंदिस्त रिंगणात, अनुभवी स्वाराच्या हाती व नीट मापाच्या साधनासह करावा. साधन कोणतेही असो, घोड्याच्या दातांची नियमित तपासणी आणि स्वाराचा संयत हात यांना पर्याय नाही.