गरीच्या रॉडचा ब्लँक घासताना

राळेत भिजवलेलं कार्बनचं कापड निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळायचं, वरून प्लास्टिकची फीत ताणून आवळायची आणि भट्टीत भाजायचं. असा गरीच्या रॉडचा ब्लँक तयार होतो. फीत सोलली की तिच्या कडांचे पिळदार उंचवटे मागे राहतात, नख फिरवलं की लागतात. ते मुख्यतः राळेचेच असतात, म्हणून घासता येतात. मात्र खालचे धागे कापले गेले तर रॉड नेमका तिथेच मोडू शकतो. 600 नंबरचा वॉटरपेपर, भरपूर पाणी, हलका हात. पाण्यात काळा गाळ उतरू लागला की थांबावं. कोरडं घासूच नये, ती धूळ छातीला वाईट. मग स्पिरिटने पुसून वार्निशचा अगदी पातळ हात द्यावा. जाड थराने शेंडा सुस्तावतो. काही कारागीर उंचवटे तसेच ठेवतात, आणि मला तेच जास्त पटतं.