काच पुसणाऱ्याचे हातमोजे

हिवाळ्यातली लंडनची सकाळ उशिरा उजाडते. जानेवारीच्या आरंभी सूर्य आठ वाजून गेल्यावर वर येतो, आणि भर दुपारीही हवेचे तापमान सर्वसाधारणपणे आठ अंश सेल्सियसच्या आसपासच राहते. अशा दिवशी हातात बादली आणि खांद्यावर शिडी घेऊन एक मनुष्य घरोघर फिरताना दिसतो. खिडक्यांची तावदाने बाहेरून धुऊन पुसून देणे हा त्याचा व्यवसाय. ब्रिटनमधील शहरांत आणि खेड्यांत हा व्यवसाय जुना आहे. त्याची घरे ठरलेली असतात, फेरीचे दिवस ठरलेले असतात. थंडी पडली म्हणून फेरी थांबविणे त्याला परवडत नाही. कारण फेरी थांबली की मिळकतही थांबते.

या माणसाच्या सामानातील सर्वांत क्षुल्लक वाटणारी वस्तू म्हणजे त्याचे हातमोजे. जाड दिसला, अंगठ्याने दाबून मऊ लागला, की मोजा चांगला, असे सामान्यतः समजले जाते. परंतु जाडी आणि ऊब या दोन गोष्टी एक नव्हेत. हात गारठतो तो केवळ हवेच्या थंडीने नव्हे, तर ओलीने. हे एकदा ध्यानात आले म्हणजे मोज्याची निवड निराळ्याच दिशेने होऊ लागते.

मोज्यातील ऊब ही वस्तुतः कापडाची नसून कापडाच्या तंतूंत कोंडलेल्या हवेची असते. स्थिर हवेतून उष्णता फार मंदपणे वाहते. पाण्यातून ती तिच्या सुमारे चोवीस पट सुलभतेने वाहते. अस्तरातील हवेची जागा पाण्याने घेतली, की त्या जाड मोज्याची जाडी असून नसल्यासारखी होते. शिवाय ओल वाऱ्यावर वाळू लागते, आणि वाळताना उष्णता घेऊन जाते. आपल्याकडे उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते ते याच न्यायाने. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. तेवढ्यात ५८ ग्रॅम पाण्याचे तापमान दहा अंशांनी खाली येईल. भिजलेला लोकरी मोजा घालून वाऱ्यात उभे राहणे म्हणजे हातावर माठ चढवून उभे राहणे होय.

थंडीपुढे बोटे लवकर हार मानतात, यालाही कारण आहे. बोटांचा आकार लहान आणि त्यामानाने त्वचेचा विस्तार मोठा. म्हणून ती उष्णता झपाट्याने गमावतात. छाती-पोटातील अवयव उबदार राहावेत यासाठी शरीर हातापायांच्या टोकांकडील रक्तवाहिन्या आकुंचित करते. बोटे फार गार झाली की त्या वाहिन्या मधून मधून उघडतात व पुन्हा मिटतात, असे ब्रिटिश वैद्यकशास्त्रज्ञ टॉमस लुइस यांनी १९३० साली दाखवून दिले. परंतु या उघडझापीच्या भरवशावर दिवसभराचे काम होत नाही. बोटांच्या त्वचेचे तापमान सुमारे पंधरा अंशांखाली गेले की कसब मंदावते, आणि आठ अंशांच्या सुमारास स्पर्शज्ञानच बोथट होते. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातून अशा वेळी फडका गळून पडेल. शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला मात्र, आपली बोटे पायरीभोवती खरोखरच आवळली गेली आहेत की नाहीत, हे नेमके कळेनासे होते. मोज्याची निवड ही केवळ सुखसोयीची बाब नाही, ती येथे.

आता या धंद्यातील विशिष्ट अडचण पाहू. भांडी घासणाऱ्याचा हात खाली वळलेला असतो. काच पुसणाऱ्याचा हात वर उचललेला असतो. त्यामुळे काचेवरून निथळणारे पाणी बोटांवरून मनगटाकडे आणि मनगटावरून थेट कोपराकडे धावते. मोजा कितीही जलाभेद्य असला, तरी त्याचे तोंड आखूड व सैल असेल, तर पाणी वरून आत शिरते आणि तेथेच साचून राहते. यात आणखी एक गोष्ट आहे. बोटे मिटविणारे बलवान स्नायू बोटांत नसतात; ते कोपराखालच्या हातात असतात, आणि लांब शिरांसारख्या कंडरांनी बोटांना ओढतात. बाही भिजून तो भाग गारठला, की बोटे कोरडी असूनही पकड ढिली पडते. म्हणून मोजा पाहताना प्रथम त्याचे तोंड पाहावे. ते मनगटाच्या बरेच वर जाणारे आणि हाताला बेताने बिलगणारे असावे. त्याची कड बाहेरच्या बाजूस दुमडली, तर एक लहानशी पन्हळ तयार होते व निथळणारे पाणी तीत अडते.

त्यानंतर कापडाचा विचार. नैसर्गिक रबर थंडीतही लवचिक राहते. परंतु काही लोकांच्या त्वचेला ते सोसत नाही. नायट्राइल नावाचे कृत्रिम रबर साबण व तेल यांना चांगले तोंड देते. स्वस्त प्लास्टिकचे मोजे गारव्यात ताठर होतात व चिमटीत काही धरू देत नाहीत. निओप्रीन हे कृत्रिम रबर १९३० साली अमेरिकेत प्रथम तयार झाले. त्याच्या फेसाळ पत्र्यात वायूचे असंख्य सूक्ष्म कप्पे असल्यामुळे ते उबदारही असते. मात्र पाणबुड्यांसाठी केलेले सर्वच निओप्रीनचे मोजे पाणी बाहेर ठेवतात असे नाही. त्यांपैकी अनेकांत थोडे पाणी आत येते आणि शरीराच्या उष्णतेने कोमट होते. समुद्रात बुडलेल्या हाताला तेवढे पुरते. वाऱ्यात पुन्हा पुन्हा वर येणाऱ्या हाताला पुरत नाही. येथे शिवण चिकटवून बंद केलेलीच हवी. आणखी एक फसगत वारंवार होते. काही मोज्यांना रबराचा लेप केवळ तळहाताला दिलेला असतो, आणि मागची बाजू नुसती विणलेली असते. असा मोजा पकडीला उत्तम, पण पाण्यापुढे निरुपयोगी.

अस्तर वेगळे काढता येण्याजोगे असल्यास उत्तम. जलाभेद्य मोजा बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, तसा आतला घामही बाहेर जाऊ देत नाही. सुती अस्तर तो घाम धरून ठेवते. लोकर काही ओल पोटात घेऊनही उबदार राहते. कृत्रिम धाग्यांचे अस्तर लवकर वाळते. आतला पातळ मोजा निराळा असला, म्हणजे तेवढाच बदलता येतो. मात्र बाहेरचा मोजा त्या मानाने थोडा मोठा घ्यावा. घट्ट मोजा अस्तरातील हवा दाबून टाकतो व बोटांतील रक्तप्रवाहही अडवितो. फार सैल मोजा टोकाशी लोंबतो आणि स्क्वीजीचा दांडा हातात फिरू लागतो.

युरोपात थंडीसाठीच्या मोज्यांवर हिमकणाचे चिन्ह आणि त्याखाली तीन आकडे छापलेले आढळतात. पहिला आकडा थंड हवेविषयी, दुसरा थंड वस्तूच्या स्पर्शाविषयी. हे दोन्ही शून्यापासून चारपर्यंत असतात. तिसरा पाण्याविषयी असून तो शून्य किंवा एक असतो. काच पुसणाऱ्याने तिसऱ्या जागी एक आहे की नाही, हे आधी पाहावे. तथापि आकड्यांनी सर्व काही कळत नाही. दुकानातच मोजा घालून मूठ मिटावी, नाणे उचलून पाहावे, आपल्या नेहमीच्या जाडीचा दांडा फिरवून पाहावा. घरी आणल्यावर मोज्यात हवा भरून तोंड पिळून धरावे व तो पाण्यात दाबावा. बुडबुडे आले तर त्याला छिद्र आहे.

इतके करूनही दिवसभर पुरेल असा एक मोजा मिळत नाही. कोठून तरी थेंब आत जातोच, घामही येतोच. म्हणून एक महाग जोड घेण्यापेक्षा साधारण किमतीचे दोन-तीन जोड घेऊन, ओल जाणवताच बदलणे अधिक शहाणपणाचे. संध्याकाळी ते उलटे करून हवेशीर जागी वाळवावेत. कडक आचेवर धरल्यास रबर तडकते. हात उबदार राहावेत म्हणून बादलीत कढत पाणी घेण्याचा मोहही टाळावा, कारण गोठलेल्या काचेवर ते पडले तर काच तडकू शकते. आणि थंडीने ज्यांची बोटे एकाएकी पांढरीफटक पडतात, त्यांनी नुसत्या मोज्यांवर विसंबू नये. मोरिस रेनो या फ्रेंच वैद्याने १८६२ साली वर्णन केलेल्या विकाराचे ते लक्षण असू शकते. त्यासाठी डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा.

हा प्रश्न केवळ लंडनचा नाही. दिल्लीत जानेवारीच्या पहाटे पारा अनेकदा पाच अंशांखाली उतरतो, आणि तिच्या भोवतालच्या नव्या नगरांतून काचेच्या उंच भिंती उभ्या राहिल्या आहेत. त्या भिंती आतून पाहणाऱ्याला स्वच्छ आकाश दिसते. ते दिसावे म्हणून बाहेर कोणाचा तरी हात ओल्या काचेवरून फिरलेला असतो. तो हात कोरडा ठेवण्यास फार मोठा खर्च येत नाही. पाणी कोठून आत येते, एवढे जाणून निवडलेला मोजा आणि खिशात एक कोरडा जोड, इतके त्याला पुरते.